उंबरठ्यावरचं बोट

माय मरो अन् मावशी जगो, ही म्हण ज्यानं काढली त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा. मी हात लावणार नाही. एवढंच विचारीन, की बापा, तू कधी कोणाची मावशी झाला होतास काय?

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा अख्ख्या गावानं ही म्हण माझ्या पदरात टाकली. कोरोनाचे दिवस. अंगणात पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती, म्हणून तोंडाला रुमाल बांधून कुंपणापलीकडून ओरडायचे, "रडू नको व माय, माय मरो अन् मावशी जगो." एक बाई तर त्याच्याही पुढं गेली. म्हणाली, "तुले लेकरू नोहतं, देवानं बसल्या जागी दोन देल्ले." वा रे देव! त्याला द्यायचंच होतं तर इतक्या वर्षांत माझ्याच कुशीत दिलं असतं की. माझ्या हातात वांग्याची टोपली होती. ती तिथंच आपटली आणि घरात निघून आले. वांगी अंगणभर झाली आणि ती दोन लेकरं मुकाट्यानं वेचत बसली.

त्या दोघांबद्दलच लिहायचं आहे. थोरली मुलगी, तेव्हा नववी संपवून दहावीत गेलेली. धाकटा मुलगा पाच वर्षांचा, पहिलीत जायचा, पण जायला शाळाच उघडी नव्हती. मी त्यांची मावशी. आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडं. थोडी जमीन, एक विहीर, वांगी, मेथी, सांभार. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, पुण्याकडच्यांनी गैरसमज करून घेऊ नये. मी बारावीपर्यंत शिकलेली. लिहायला बसले की शाळेतली मराठी येते, आणि चिडले की माहेरची. मी चिडते फार.

बहीण मलकापूरला राहायची. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ती घरी शिलाई करायची. त्या वर्षी अखाजीला ती आली नाही. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या सणाला लेकी माहेरी येतात, आणि आई-बाप नसले तर थोरल्या बहिणीचं घर हेच माहेर. पण रस्ते बंद, पोलीस उभे. फोनवर म्हणाली, "ताई, या बारी राहू दे. पुढच्या अखाजीले चांगली दमानं येईन. निंबाले झोका बांधून ठेव." मी म्हटलं, तुझ्या वजनानं कडुनिंब मोडेल. ती हसली. आमचं नीट असं बोलणं ते शेवटचं.

अखाजी होऊन थोडे दिवस झाले आणि तिच्या नवऱ्याला ताप आला. मग तिला. आधी गावातला डॉक्टर, मग दवाखाना, मग आणखी मोठा दवाखाना, मग ऑक्सिजनसाठी पळापळ. लेकरांचा काका, म्हणजे माझ्या बहिणीचा दीर, मोटारसायकलवर रिकामं सिलिंडर बांधून पार अकोल्यापर्यंत हिंडला. हे मी मुद्दाम लिहिते. पुढं या माणसाशी माझं हाडवैर झालं, पण त्यानं भावासाठी केलं नाही असं मी म्हणणार नाही. आधी भाऊ गेला, मागोमाग भावजय. तोंडं कोणालाच दिसली नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं. दहावा नाही, तेरवी नाही, कावळ्याला घास नाही. तिकडं सारा देशच जळत होता, कोण कोणासाठी थांबणार?

आमचे हे जाऊन लेकरांना घेऊन आले. थोरलीच्या हातात तिच्या आईचा मोबाईल होता. धाकट्याच्या हातात काहीच नव्हतं.

तो मोबाईल म्हणजे दोघांची शाळा. रेंज फक्त विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी यायची. थोरली तिथं गोणपाट टाकून बसायची, एकीकडं भूमिती, एकीकडं माझी मेथी भिजायची. मोबाईल उघडला की पहिल्यांदा माझ्या बहिणीचा फोटो यायचा, हिरव्या साडीतला, डोळे बारीक करून हसणारा. वर्गाच्या ग्रुपवर हजेरी तिच्याच नावानं जायची. "उपस्थित" असं थोरली लिहायची आणि वर नाव आईचं. मास्तरांना सगळं माहीत होतं. ते कधी काही बोलले नाहीत आणि आम्हीही ते नाव बदललं नाही. कसं बदलणार? माझ्यानं तर झालं नसतं.

धाकट्याची शाळा म्हणजे थोरली. दुपारी ती त्याला घेऊन चुलीपाशी बसायची. पाटीवर अ काढायची, आ काढायची. "अ अननसाचा." तो म्हणायचा. "आ आईचा." तो गप्प. मग एकदम, "इ इमारतीचा."

"आ कुठी गेला रे?"

"तो मले येत नाही."

असं रोज. क आला, ख आला, पार ज्ञ पर्यंत गेला पोट्टा, पण आ काही त्याच्या तोंडून निघाला नाही. मी एकदा रागवायला उठले होते, तर थोरलीनं मला डोळ्यानं बसवलं. म्हणाली, "राहू दे मावशी. त्याले येते तो. त्याले म्हणायचा नाही." त्याच दिवशी मला कळलं की ही पोरगी मास्तरीण होणार. मी तसं म्हटलंसुद्धा. ती लाजली, आणि मग हळूच म्हणाली, की आईलाही तेच पाहिजे होतं.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. ही दोघं एका छताखाली राहिली पाहिजेत आणि दोघांनी शिकलं पाहिजे. बाकी मला दुनियेत काही नको होतं.

आणि दुनियेला नेमकं तेच नको होतं.

आमच्यात एक रीत आहे. घरातलं मोठं माणूस गेलं तर घरातल्या पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. वर्ष हुकलं, की मग पुढं तीन वर्षं त्या घरात मंगल कार्य नाही. कोणी केली, कशासाठी केली, देव जाणे. चांगल्या दिवसांत उपवर पोरीसाठी ती ठीकही असेल. पण त्या साथीनंतर या रीतीनं आमच्या भागात काय कहर केला ते पेपरात आलं नाही. ज्या ज्या घरात माणूस गेलं, तिथं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी पटापट उजवल्या गेल्या. शाळा बंदच होत्या, विचारणार कोण?

होळी झाली आणि काका आला. थोरलीचे दहावीचे पेपर सुरू होते. काकानं बसल्याबरोबर विषय काढला. "ताई, नांदुऱ्याकडचं स्थळ हाये. पोरगा चोवीस-पंचवीसचा, ठिबकवर शेती हाये, हुंडा मांगत नाही. वर्षाच्या आत हात पिवळे करून टाकू. अखाजीले मुहूर्त पाह्यची गरज नाही."

त्या वर्षी अखाजी वर्ष संपायच्या जरा आधी येत होती. म्हणजे वर्षाच्या आतला शेवटचा मोठा मुहूर्त तोच. आणि त्याच दिवशी तिच्या आईबापाची पहिली घागर भरायची होती. अखाजीला आम्ही मेलेल्यांसाठी कोरी घागर भरतो. सकाळी घागर, संध्याकाळी अक्षता, असा त्याचा बेत. वर्षश्राद्ध आधीच ओढून घ्यायचं हेही त्यानं भटजीला विचारून ठेवलेलं.

मी म्हटलं, "भाऊ, पोरगी आत भूगोल पाठ करून राह्यली. हळू बोला."

"भूगोलानं काय होते? माय नाही, बाप नाही. उद्या काही कमीजास्त झालं तं लोक मले शेण घालतीन तोंडात. तरणी पोरगी म्हणजे जिवाले घोर."

तो घाबरलेला होता, हे मला आज कळतं. तेव्हा कळायला मी ताळ्यावर नव्हते.

पण एक गोष्ट मला त्याच बैठकीत सुचली. रीत त्यांची, तर त्यांना तिच्यातच अडकवायचं. कसंही करून अखाजी पार करायची. ती गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की त्यांच्याच रीतीनं तीन वर्षं कोणी लग्नाचं नाव काढणार नाही. तोवर पोरगी अठराच्या पुढं जाते आणि बारावीही होते. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुह्यं डोकं शेतीत चाललं असतं तं आपून बंगला बांधला असता."

मग मी काय काय नाटकं केली! पाहुणे पोरगी पाहायला आले तर पोह्यांत मीठ असं घातलं की नवरदेवाच्या मामानं तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. मुलाच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरगी गुणाची आहे, फक्त झोपेत चालते, परवा विहिरीच्या काठापर्यंत गेली होती. ती बाई हसून म्हणाली, "चालू दे बाप्पा, आमच्या विहिरीले जाळी हाये." काय करावं आता! पुढं मी आठवडाभर अंथरूण धरलं. गुडघा धरून कण्हायचे. धाकटा खरंच घाबरला, माझ्या उशाशी येऊन बसला आणि कपाळाला हात लावून पाहायला लागला, ताप आहे का म्हणून. त्याबरोबर मी उठून भाकरी थापायला बसले. तसलं नाटक त्या लेकरापुढं कोण करेल?

शेवटी काकानं गावातली दोन वडीलधारी माणसं घेऊन बैठक बसवली. आमच्याच ओट्यावर. काकूही आली होती. ती बाई साधी, दोन पोरींची आई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. धाकटा तिच्या मांडीवर जाऊन बसला, कारण तिच्या पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू होते.

मी सरळ म्हटलं, "सोळाची पोरगी हाये. अठराच्या आत मंडप घातला तं मी पोलीस घेऊन येईन. मंग मले वाईट म्हणू नका."

काका ताडकन उठला. "तू कोण व? मावशी म्हणजे कोण? माह्या भावाचे लेकरं हाये ते!"

मावशी म्हणजे कोण. वर्षभर ज्यांनी ती म्हण ऐकवली होती त्यातलं एकही तोंड तेव्हा उघडलं नाही.

 मग काका खाली बसला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "ठीक हाये. पोलिसाचं नाव काढलं ना, मंग ठेव तिले. मी जबाबदारी सोडली. पण पोरगं आमच्या घराण्याचं हाये, त्याले मी नेतो. शाळा शिकवीन, पोटच्या पोरावानी पाहीन. नाही तं लग्न होऊ दे, पोरगं राहू दे तुह्यापाशी, मी जन्मात नाव काढत नाही. दोघातलं काय ते तूच सांग."

कोणी म्हणेल, कायदा होता, दोघांसाठी भांडायचं होतं. मुलीसाठी कायदा होता. मुलासाठी कोणता? काका काही परका नव्हता, दारूडा नव्हता, त्याच्या घरी दूध होतं, पोराच्या वयाची खेळायला बहीण होती. कचेरीत उभं केलं असतं तर निःसंतान मावशीपेक्षा बापाचा सख्खा भाऊ भारी पडला असता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तेवढ्यात थोरली चुलीपासून उठून दारात आली. हाताला पीठ. म्हणाली, "काका, मी लग्न करतो. त्याले इथंच ठेवा."

काकानं माझ्याकडं पाहिलं. म्हातारे माझ्याकडं पाहायला लागले. धाकटा लाडू खात होता.

मी तिच्याकडं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. मी काकाला म्हटलं, "भाऊ, अखाजीची घागर त्याच्या हातानं भरू द्या. मंग न्या त्याले."

माझ्या बहिणीची दोन लेकरं. एकाला वाचवायला मी दुसरं दिलं. आजही तेच केलं असतं, आणि आजही तसंच रडले असते.

अखाजीच्या सकाळी कुंभाराकडून कोरी घागर आणली. पाटावर मांडली, पाण्यानं भरली, वर लहान मडकं, त्याच्यावर खरबूज आणि दोन सांजोऱ्या. मग उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची. गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि एकेक बोट ओढायचं, म्हणजे त्या नावाचं माणूस घरात येऊन पाणी पिऊन जातं. हे काम मुलाचं. थोरलीनं धाकट्याला आदल्या दिवशी सगळं शिकवून ठेवलं होतं. त्यानं कुंकवात बोट बुडवलं, बापाचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. बोट ओढलं. मग आईचं नाव घेतलं, खणखणीत. दुसरं बोट ओढलं. मग बहिणीकडं वळून पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून. तिनं मान हलवली.

ऊन उतरल्यावर काका त्याला मोटारसायकलवर पुढं बसवून घेऊन गेला. त्याला वाटत होतं, चक्कर मारायला निघालो. त्यानं हात हलवला. आम्ही पण हलवला.

थोरली माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं, मी भांडणात पटाईत आहे. पण ती नुसती काम करायची, जेवायची, अभ्यास करायची. दहावीचा निकाल लागला, शाळेत दुसरी आली. पेढ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि खोलीत निघून गेली. आईचा मोबाईल अकरावीच्या अभ्यासाला लागत होता, म्हणून तो तिच्याजवळच राहिला. धाकट्याबरोबर आईचा फोटो द्यायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. कपडे दिले, पाटी दिली, खेळायची भिंगरी दिली.

काका आधी फोनवर बोलू द्यायचा नाही. पोराचं मन लागत नाही म्हणायचा. आणि लेकरू तिथं रमावं म्हणून त्यानं रमवलंही, खोटं कशाला बोलू. काकू त्याला न्हाऊ घालायची, शाळेत सोडायची, त्याला गोवर आला तर त्याच्याजवळून हलली नाही. पावसाळा सरत आला तेव्हा एकदा काकूनंच आपणहून फोन लावला. "तुमच्या पोरानं सारं पाठ केलं. ऐका." मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. थोरली भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

"अ अननसाचा," तिकडून आवाज आला. "आ आईचा. इ इमारतीचा."

एका दमात म्हटलं. कुठं अडखळला नाही. मागून काकू म्हणाली, "शाब्बास माह्या राजा!" आणि तो तिला म्हणाला, "आई, आता भिंगरी दे."

थोरलीनं नळ बंद केला. माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्या दिवसापासून आम्ही दोघी परत बोलायला लागलो. दुःख एकच होतं, वाटून घ्यायला दुसरं कोण होतं?

तिची तीन वर्षं ठरल्याप्रमाणं सुटली. बारावी झाली. बुलढाण्याला डी.एड.ला लागली, होस्टेलवर राहते, सुटीत येऊन माझ्यासारखीच वांग्यांवर खेकसते. तीन वर्षं संपल्यावर काकानं स्थळाचं नाव काढलं नाही. उलट ती डी.एड.ला लागली तेव्हा कोणाजवळ तरी म्हणाला म्हणे, "माह्या भावाची पोरगी मास्तरीण होऊन राह्यली." ऐकून मला हसू आलं आणि रागही आला.

यंदा तिनंच काकाला फोन केला. म्हणाली, "काका, या अखाजीले त्याले इकडं पाठवा. आईच्या माहेरची घागर त्यानं भरावी." काका हो म्हणाला. इतकी वर्षं तिकडं घागर काका स्वतःच भरायचा, साऱ्या वाडवडिलांची मिळून. पोरगं बाजूला बसून खरबूज कापायची वाट पाहायचं.

काकानंच आणून सोडला. दहा वर्षांचा झालाय. उंच, दात थोडे पुढं, हसताना डोळे बारीक करतो, अगदी तिच्यासारखे. मला पाहून पाया पडला. पाहुण्यासारखा. थोरलीनं त्याचे गाल ओढले तर लाजला. मी सांजोऱ्या तळत होते, तिथं येऊन म्हणाला, "मावशी, आईच्या सांजोऱ्या याच्याहून मोठ्या राहतात." मी म्हटलं, "तुह्या तोंडापेक्षा मोठ्या कायले पाहिजे रे?" तो हसला. मी पुढची सांजोरी मोठी लाटली.

घागर मांडली. ह्यांनी त्याच्या हातात कुंकवाची वाटी दिली. तो उंबरठ्याशी उकिडवा बसला. बापाचं नाव घेतलं, बोट ओढलं.

"आता आईचं नाव घे," हे म्हणाले.

त्यानं बोट बुडवलं, नाव घेतलं आणि बोट ओढलं. सरळ, लांब.

नाव काकूचं होतं.

 त्याचं त्यालाच कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की देवा, वैऱ्याच्या लेकराचा होऊ नये. त्यानं तळहातानं ते बोट पुसायला सुरुवात केली. कुंकू पसरलं. मग शर्टानं पुसायला लागला. "मी चुकलो, मी चुकलो," म्हणत घासत होता. "मावशी, आईले काही होईन काय? मेलेल्याईत नाव घेतलं मी! तिले काही होईन काय?"

मी त्याला जवळ ओढलं. ज्याची आई एकदा गेली त्या लेकराला, अशा गोष्टीला काही अर्थ नसतो, हे सांगून पटतं का? मी म्हटलं, काही होत नाही रे राजा, काही होत नाही. पण तो ऐकेना. "फोन लावा. आईले फोन लावा."

थोरलीनं फोन लावून त्याच्या कानाला धरला. पलीकडून काकूचा आवाज आला, "काय रे, जेवला का?"

"आई, तू बरी हाये ना?"

"बरी हावो ना. काऊन? रडून राह्यला काय तू?"

"नाही," तो म्हणाला. "सांजोऱ्या आणतो तुह्यासाठी."

फोन ठेवल्यावर त्याचा श्वास खाली बसला. थोरलीनं ओल्या फडक्यानं उंबरठा पुसला. घासून घासून स्वच्छ केला, एक लाल ठिपका राहू दिला नाही. मग बापाचं बोट पुन्हा ओढायला लावलं. मग त्याच्याजवळ खाली बसली, त्याचं बोट आपल्या हातात धरलं, कुंकवात बुडवलं आणि आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, नाव घेतलं. एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या पोराला शिकवावं तसं. तो तिच्यामागून म्हणाला. दोघांनी मिळून बोट ओढलं.

मग त्यानं विचारलं, "ताई, ते कशी दिसे?"

तिनं तो जुना मोबाईल काढला. काच तडकलेली, चार्जिंग टिकत नाही, तरी तिनं तो फेकला नाही. फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाला, "ताई, तुह्यासारखी हाये." आणि खरबूज कापायचं का म्हणून मला विचारायला लागला. लेकरूच ते. मी कापलं. पोटभर खाल्लं त्यानं.

संध्याकाळी काका न्यायला आला. धाकट्यानं सांजोऱ्यांचा डबा स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवला. घागरीवरच्या दोन, त्याच्या आईच्या नावानं मांडलेल्या, त्याही मागून घेतल्या. "ह्या आईले देतो." मी काही बोलणार होते. थोरलीनं त्या कागदात बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

गाडी गेल्यावर आम्ही दोघी दारात उभ्या होतो. उंबरठ्यावर ती दोन बोटं वाळली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरगं आपल्या मायले विसरलं व."

थोरली म्हणाली, "नाही मावशी. त्याची माय जिती हाये. मेली ते माह्यीच."

आणि ओढणीला हात पुसून ती घागरीतलं पाणी तुळशीला घालायला गेली.